गळ्यातील माळ

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी नेवासे हे गाव वसलेले आहे. ज्ञानेश्वरी तेथे सांगितली गेली, म्हणून महाराष्ट्रातील लहानथोरांना ते ठाऊक असते. याच नेवाशाच्या पांढरीत १९५४ सालापासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन केले. मातीचे थर उकलत उकलत ते तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीपर्यंत जाऊन पोहोचले. तेथे त्यांना एका बालकाचे दफन आढळले. त्या बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती.

मणी सापडले यात नवल नव्हते; नवल होते ते मण्यांच्या आतील दोऱ्याचे. सूत आणि रेशीम मातीत पुरले, की थोड्याच काळात कुजून जाते. परंतु तांबे गंजताना जे क्षार निर्माण होतात, त्यांच्यापुढे कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंचे काही चालत नाही. त्यामुळे मण्यांच्या छिद्रांत दोऱ्याचे तुकडे तगून राहिले. सूक्ष्मदर्शकाखाली तपासता त्यांत कापसाचे व रेशमाचे तंतू आढळले. त्या काळी या प्रदेशात सूत कातले जात होते, रेशीमही लोकांना ठाऊक होते, या गोष्टी कोणत्याही ग्रंथाने नव्हे, तर एका लहान मुलाच्या माळेने सांगितल्या. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट तिने सांगितली. कोणीतरी एकेक मणी घडवून, दोरा वळून, ती माळ मोठ्या मायेने त्या मुलाच्या गळ्यात घातली होती.

गळ्यातील दागिना हा असा फार जुना आणि माणसाच्या फार जवळचा आहे. तो केवळ शोभेची वस्तू नव्हे. त्यात कारागिराचे कसब असते, घरची साठवण असते आणि घालणाऱ्याची आवडही असते. म्हणून तो कसा बनतो, कसा पारखावा, कसा वापरावा आणि कसा जपावा, हे प्रत्येकाने समजून घेणे इष्ट आहे.

महाराष्ट्रातील कंठभूषणांची नावे नुसती ऐकली, तरी शेताची आठवण व्हावी. बोराएवढ्या गोल मण्यांची ती बोरमाळ. जोंधळ्याच्या दाण्यासारखे बारीक मणी ओवले, की झाली जोंधळी पोत. जवाच्या आकाराचे मणी ते जवमणी. सोन्याचे बारीक मणी एकमेकांना अगदी खेटून बसविले आणि ते गळ्याशी घट्ट बसतील असे गुंफले, म्हणजे ठुशी तयार होते. तन्मण्यात मोत्यांचे अनेक सर एकत्र येऊन मधोमध खड्यांचे पदक झुलते. चिंचपेटीत मोती आणि लाल खडे यांच्या चौकोनी पेट्या गळ्यालगत बसतात. कोल्हापुरी साजात जवमण्यांच्या मधून मधून सोन्याच्या पानड्या गुंफलेल्या असतात. मासा, कासव, शंख, नाग, चंद्र, बेलपान, कारले अशा नाना आकृती त्यांत दिसतात. जुन्या पद्धतीच्या पुऱ्या साजात एकवीस पानड्या असत.

पुतळ्यांच्या माळेची हकीकत तर फारच मनोरंजक आहे. इटलीतील व्हेनिस या नगरात सोन्याचे एक नाणे पाडले जाई. त्याचा कस उत्तम असल्यामुळे व्यापाऱ्यांबरोबर ते दूरदूरच्या देशांत गेले आणि समुद्रमार्गे भारताच्या किनाऱ्यालाही लागले. त्यावर माणसांच्या आकृती उमटविलेल्या असत. त्या आकृतींवरून आपल्याकडील लोक त्या नाण्याला पुतळी म्हणू लागले. पुढे अशा पुतळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालण्याची रीत पडली, आणि सोनार स्वतःच तशा चकत्या घडवू लागले. अशा रीतीने परक्या देशाचे नाणे मराठी घरातील दागिना होऊन बसले.

माळ सोन्याचीच असली पाहिजे, असे मात्र मुळीच नाही. काच, माती, शंख, लाकूड, बी, चांदी, तांबे अशा कितीतरी पदार्थांच्या माळा लोक आवडीने घालतात. वारकऱ्याची तुळशीमण्यांची माळ किमतीने स्वस्त असते, पण ती घालणाऱ्याला तिचे मोल सोन्याहून अधिक वाटते. गुजरातमधील खंभात येथे अकीक नावाच्या दगडाचे मणी फार प्राचीन काळापासून बनतात. खाणीतून काढलेला हा दगड भट्टीत भाजला, की त्यातील लोहाच्या अंशामुळे त्याला सुरेख लाल रंग चढतो. मग तो फोडून, घासून, भोक पाडून त्याचा मणी करतात. सिंधू संस्कृतीच्या काळातील लोथल येथेही असे मणी बनविण्याची कार्यशाळा सापडली आहे.

या सुंदर मण्यांमागे एक दुःखाची गोष्टही दडलेली आहे. अकीक घासताना दगडाची अतिशय बारीक धूळ उडते. ती श्वासाबरोबर छातीत जाते आणि वर्षानुवर्षे साचत राहिली, म्हणजे फुप्फुसे कठीण होऊन कारागिराला दम लागू लागतो. हा विकार बरा होत नाही; परंतु धूळ ओढून घेणारी यंत्रे वापरून, घासताना पाण्याची धार सोडून आणि नाकातोंडावर योग्य पट्टी बांधून तो बऱ्याच अंशी टाळता येतो. मण्याचे मोल करताना तो घडविणाऱ्या माणसाच्या श्वासाचे मोल विसरता कामा नये.

आता सोन्याकडे वळू. सोने हवेने गंजत नाही, पाण्याने डागाळत नाही. म्हणूनच शेकडो वर्षे पुरलेला मोहरांचा हंडा उघडला, तरी मोहरा झळकतात. परंतु शुद्ध सोने फार मऊ असते. त्याचा दागिना लवकर वाकतो व झिजतो. म्हणून सोनार त्यात थोडे तांबे व चांदी मिसळतात. तांबे जास्त पडले, तर सोन्यावर तांबूस छटा येते. चांदी जास्त पडली, तर ते फिकट दिसते. शुद्ध सोन्याचे चोवीस भाग मानले, तर मिश्रणात त्यांपैकी किती भाग सोने आहे, ते कॅरटने सांगतात. बावीस कॅरटच्या दागिन्यात बावीस भाग सोने आणि दोन भाग इतर धातू असतात. हजार भागांचा हिशोब केला, तर सोने सुमारे ९१६ भाग भरते. दागिन्यावर ९१६ हा आकडा का कोरतात, ते यावरून ध्यानात येईल.

पूर्वी सोने गुंजांनी तोलत. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा होई. एक तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. लालभडक अंगाची आणि काळ्या टोपीची ही गुंज दिसायला मोठी गोजिरवाणी असते. परंतु तिच्या आतील गर अत्यंत विषारी असतो. म्हणून गुंजा कधीही चावू नयेत किंवा फोडून पाहू नयेत. गंमत अशी, की कॅरट हा शब्ददेखील मुळात दूरच्या देशांतील एका झाडाच्या बीवरूनच आलेला आहे. तराजूला वजने हवी होती, तेव्हा माणसाने ती निरनिराळ्या देशांत झाडांकडूनच मागून घेतली!

सोन्याचा कस पाहण्यासाठी सोनार काळ्याभोर कसोटीच्या दगडावर दागिना घासून रेघ ओढतो. शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची दुसरी रेघ ओढून दोन्हींचे रंग ताडून पाहतो. मग तेजाबाचा थेंब टाकतो. पितळेची रेघ त्यात विरघळून नाहीशी होते. चांगल्या सोन्याची तशीच राहते. ‘कसोटीला उतरणे’ हा वाक्प्रचार येथूनच आपल्या भाषेत आला. परंतु प्रत्येक गिऱ्हाइकाला अशी पारख कोठून असणार? म्हणून भारतीय मानक ब्युरोने २००० साली सोन्याच्या दागिन्यांवर प्रमाणचिन्ह उमटविण्याची योजना सुरू केली आणि २०२१ सालापासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. अशा दागिन्यावर ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, सोन्याचा कस आणि सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण असते. दागिना घेताना ही चिन्हे भिंगातून पाहावी आणि पक्की पावती मागून घ्यावी. पावती मागणे म्हणजे दुकानदारावर अविश्वास दाखविणे नव्हे. व्यवहार चोख ठेवण्याची ती रीत आहे.

बोरमाळ किंवा मोहनमाळ घेताना आणखी एक गोष्ट विचारावी. मणी भरीव आहेत, पोकळ आहेत, की लाखेवरचे आहेत? लाख हा पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणाऱ्या एका किड्याने निर्माण केलेला पदार्थ होय. सोन्याच्या पातळ पत्र्याचा मणी करून त्याच्या पोटात लाख भरली, म्हणजे थोड्या सोन्यात मोठा मणी होतो आणि तो सहसा चेपत नाही. ही युक्ती चांगलीच आहे. मात्र लाखेचे वजन सोन्याच्या भावाने मोजले जाऊ नये. सोने किती, लाख किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून असा दागिना कढत पाण्यात घालू नये, किंवा चुलीजवळ ठेवू नये.

मोत्यांचा स्वभाव सोन्याहून अगदी निराळा. मोती हा खाणीतून निघत नाही. तो शिंपल्यात राहणाऱ्या जिवाच्या अंगी तयार होतो. शिंपल्यात काही खुपणारी वस्तू शिरली, म्हणजे तो जीव तिच्याभोवती चकचकीत पदार्थाचे थरावर थर चढवितो. त्याचाच पुढे मोती बनतो. १८९३ साली जपानमध्ये मिकिमोतो कोकिची यांनी शिंपल्यात मुद्दाम बीज घालून अर्धगोल मोती तयार करून दाखविला, आणि पुढे मोत्यांची शेती सुरू झाली. मोत्याचा मुख्य घटक खडूच्याच जातीचा आहे. त्यामुळे लिंबाचा रस, शिरका, अत्तर, घाम यांनी त्याचे पाणी उतरते. म्हणून अत्तर लावायचे ते आधी लावावे, मोत्यांची माळ मागाहून घालावी. आणि उतरविताना सर्वांत आधी ती उतरवावी. नंतर मऊ, किंचित ओलसर फडक्याने पुसून ती सावलीत कोरडी होऊ द्यावी. मोती मऊ असतो, म्हणून तो इतर दागिन्यांबरोबर एकाच डबीत ठेवला, तर त्यावर ओरखडे उठतात. त्याला स्वतंत्र मऊ कापडी पिशवी असावी.

दागिना निवडताना त्याच्या किमतीपेक्षा त्याची योग्यता पाहावी. ठुशी, चिंचपेटी हे दागिने गळ्यालगत शोभतात. बोरमाळ त्यांच्या खाली रुळते आणि मोहनमाळ छातीवर येते. तिन्ही एकदम घातले, तरी प्रत्येकाची जागा निराळी असल्यामुळे गर्दी होत नाही. परंतु एकाच लांबीच्या चार माळा घातल्या, तर एकही धड दिसत नाही. नक्षीदार, भरजरी वस्त्रावर साधी माळ खुलते आणि साध्या वस्त्रावर नक्षीची माळ उठून दिसते. हलक्या धातूच्या माळांत कधी कधी निकेल असते. त्याने काहींच्या कातडीला खाज सुटते व पुरळ उठते. तसे झाल्यास ती माळ वापरू नये.

प्रसंगाचेही भान हवे. सणासमारंभाला दागिना शोभतो. मळणी यंत्राजवळ, चक्कीजवळ, झोपाळ्यावर किंवा खेळाच्या मैदानावर तोच दागिना संकट बनतो. फिरत्या पट्ट्यात माळ अडकली, तर ती तुटण्याआधी गळाच आवळला जाण्याची भीती असते. तान्ह्या मुलाच्या गळ्यात मण्यांची माळ घालून त्याला झोपवू नये. मणी सुटून घशात अडकू शकतो. जत्रेच्या आणि प्रवासाच्या गर्दीत दागिना घरी ठेवणेच शहाणपणाचे.

दागिने जपण्याचे बाकीचे नियम सोपे आहेत. नुसत्या सोन्याचा भरीव दागिना कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून मऊ ब्रशाने धुवावा व कोरडा पुसावा. चांदी काळी पडते, ती हवेतील गंधकयुक्त वायूमुळे. तो काळेपणा म्हणजे चांदीवर चढलेला पातळ थर होय. चांदीचे दागिने कोरडे करून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवले, तर त्या लवकर काळ्या पडत नाहीत असा अनुभव येतो. पाऱ्यापासून सोने नेहमी दूर ठेवावे. जुन्या तापमापकातील पारा सांडून सोन्याला लागला, तर दोन्ही एकजीव होऊन सोने पांढरे व ठिसूळ होते. शिवाय पारा स्वतः विषारी आहे.

याहून मोठा धोका कधी कधी दारात येऊन उभा राहतो. ‘दागिने उजळून देतो’ असे म्हणत एखादा अनोळखी माणूस येतो. तो दागिना एका द्रवात बुडवितो आणि लखलखीत करून परत देतो. घरचे आनंदतात, पण वजन करून पाहिले, तर दागिना हलका झालेला असतो. दोन तीव्र आम्लांच्या मिश्रणात सोने विरघळते. त्या भामट्याच्या भांड्यात घरचे सोने राहिलेले असते. घरात मोठे माणूस नसताना अशा कोणाला दागिना कधीही दाखवू नये. ही राखण घरातील मुलेच उत्तम रीतीने करू शकतात.

आणि सर्वांत महत्त्वाची काळजी घ्यायची, ती दोऱ्याची. मणी दीर्घकाळ टिकतात. दोरा मात्र घामाने, तेलाने आणि घर्षणाने हळूहळू झिजतो. माळ मोकळीढाकळी झाली, दोरा काळपट पडला, मण्यांमध्ये फट दिसू लागली, की ती पटवेकऱ्याकडे नेऊन पुन्हा गाठवून घ्यावी. पटवेकरी हा दागिने रेशमात ओवणारा कारागीर. मोत्यांच्या माळेत तो प्रत्येक मोत्यानंतर एक बारीक गाठ मारतो. त्या गाठीमुळे मोत्याला मोती घासत नाही, आणि दोरा तुटलाच, तरी एखादाच मोती ओघळतो, सारी माळ विखुरत नाही. सोनाराचे नाव सर्वांच्या तोंडी असते, पण दागिना गळ्यात टिकतो तो या दोऱ्याच्या कामगारामुळे.

आपल्या देशात गळ्यातील सोने ही पुष्कळ घरांची अडीअडचणीची पुंजी असते. पाऊस रुसला, की बोरमाळ गहाण पडते आणि तिच्यावर बियाणे येते. पीक हाती आले, की ती सोडवून आणतात. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा असंख्य स्त्रियांनी अंगावरचे दागिने राष्ट्रीय संरक्षण निधीला दिले. पुढच्याच वर्षी सरकारने चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी केली. सोन्याची आयात घटावी, हा तिचा हेतू होता. परंतु तिच्यामुळे गावोगावच्या सोनारांची भट्टी थंड पडली आणि अनेकांवर उपासमारीची पाळी आली. काही वर्षांत ती अट उठली, आणि १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदाच रद्द झाला. एका दागिन्यामागे किती हातांची भाकर असते, ते त्या काळाने दाखवून दिले.

दागिन्याचे खरे मोल कशात आहे, याचे उत्तर साताऱ्याच्या एका माउलीने आपल्या कृतीने दिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी गोरगरिबांच्या मुलांसाठी वसतिगृह चालविले होते. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत. पैशाची चणचण पडे, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपला एकेक दागिना मोडण्यास देत. अखेर मुलांच्या जेवणासाठी धान्य आणायला काहीच उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही दिले. लक्ष्मीबाई १९३० साली निवर्तल्या. परंतु त्या अन्नावर वाढलेली मुले शिकली, आणि रयत शिक्षण संस्थेच्या शाळा महाराष्ट्रभर पसरल्या.

दागिना पारखून घ्यावा, शोभेल तेथे घालावा, मनापासून जपावा. आणि त्याहून मोठे काही पुढे उभे राहिले, तर तो गळ्यातून उतरविण्याची तयारीही असावी. ती तयारी ज्याच्या मनात आहे, त्याच्या गळ्यात साधी काचेच्या मण्यांची माळ असली, तरी ती शोभून दिसते.